उभ्या मोटारीचं ट्यूनिंग

उस्ताद महेबूब यांनी तळहात भात्यावर टेकवला आणि डोळे मिटले. डोळे मिटण्याची तशी गरज नव्हती. दोन्ही डोळ्यांतली नजर जाऊन काही वर्षं झाली होती. पण इंजन ऐकायचं ते डोळे मिटूनच, अशी त्यांची रीत होती, आणि नजर गेली म्हणून रीत सोडावी असल्या मताचे ते नव्हते.

"हवा लई झाली," ते म्हणाले. "पेट्रोलला उपाशी हाय. मुनवर, अर्धा फेर. अर्ध्याचा बी अर्धा."

मुनवरनं कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवला. पत्र्याच्या शेडखाली इंजनाचा आवाज घोगरा झाला, मग खाकरल्यासारखा झाला आणि शेवटी दुपारच्या गल्लीवर घोंगडी पांघरावी तसा सगळीकडे सारखा पसरला. समोरच्या ओट्यावर जोंधळे निवडणाऱ्या बाईची मान डुलायला लागली. लिंबावरचे कावळे गप्प झाले.

"आता जेवलं," उस्ताद म्हणाले आणि हात काढून घेतला.

साधं इंजन आपल्याला लागेल तेवढी हवा आपणच ओढून घेतं. या इंजनाच्या बगलेला मात्र एक लोखंडी डबा होता. त्यात दोन पाती फिरत आणि हवा कोंबून आत ढकलत. विलायतेत त्याला भारी नाव असेल. धाराशिवात हवा ढकलणारी एकच वस्तू लोकांनी पाहिली होती, लोहाराचा भाता. त्यामुळे हाही भाताच झाला.

"सादं इंजन म्हंजे घरचा मानूस," उस्ताद नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. "भूक लागली की खातो, भरलं की उठतो. भात्याचं इंजन म्हंजे पंगतीला बसलेला जावई. त्याला आग्रह करकरून वाढावं लागतं. पर नुस्ती हवाच वाढत गेलात आन् पेट्रोल वाढायचं इसरलात, तर जावई रुसतो. आतून ठोका मारतो. ठोका ऐकू आला की समजायचं, पिस्टन उद्या हातात येनार. तवा नवशिक्यानं आधी हात लावायचा न्हाई. आधी ऐकायचं. ऐकून झोप आली तर समजायचं, इंजन नीट हाय."

या शेवटच्या सल्ल्यामुळे त्यांच्या वर्गाला शिष्यांची कमतरता पडायला नको होती. पण शिष्य तीनच होते. मुनवर हा उस्तादांच्या बायकोचा, सकिनाबीचा भाचा. एसटीच्या डेपोत हेल्पर होता आणि दिवसभर डिझेल हुंगून संध्याकाळी पेट्रोल हुंगायला येई. अंबादास हा बी.ए. झालेला कारकुनाचा मुलगा. त्यानं नोकरीसाठी बरेच अर्ज केले होते, आणि वाट पाहत बसायला गावात याहून सुखाची जागा त्याला सापडली नव्हती. तिसरा गुंडप्पा. तो उमरग्यापलीकडचा, कानडी मुलखाच्या हद्दीवरचा. टायरगाडीतून खडी वाहायचा. शिकायला तो का येतो हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण त्याचे दोन्ही बैल शेडबाहेर बांधलेले असत आणि धडे ऐकून ऐकून तेही आता इंजनाला बुजत नव्हते.

ट्यूनिंग मनासारखं झालं की उस्ताद इंजन बंद करत नसत. ते म्हणत, "आता बसा गाडीत. कुठं जायचं ते ज्याचं त्यानं ठरवा."

मग तिघं जमिनीवरच भिंतीला टेकून डोळे मिटत. इंजन चालू राही. थोड्या वेळानं जमीन सरकल्यासारखी वाटे. अंबादास बहुतेक वेळा हैदराबादला जाई. तिथं तो कॉलेजात होता आणि आता ते दुसऱ्या राज्यात गेलं होतं. गुंडप्पा आजोळी जाऊन ओढ्यात पाय सोडून बसे. मुनवर कुठंच जात नसे. तो नुसता घोरे. उस्ताद मधूनच सांगत, "नळदुर्ग गेलं," "आता लेव्हल रस्ता हाय, पळू द्या," आणि कुणाच्याही प्रवासात त्याची अडचण होत नसे. यात हसण्यासारखं काही नव्हतं. मागच्या काही वर्षांत अख्खा जिल्हा जागचा न हलता हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात गेला होता. बसल्या जागी प्रवास होतो, हे इथं पोराटोरांनाही पटलं होतं.

खरी गोष्ट अशी होती की त्या शेडमध्ये मोटार नव्हती.

इंजन होतं. इंजनापुढं रेडिएटर होता, खाली चौकटीचा पुढचा तुकडा लाकडी ओंडक्यांवर टेकवलेला होता आणि त्यामागं एक गोणपाटाचा पडदा होता. पडद्यामागं सकिनाबीच्या कोंबड्या होत्या. हे गल्लीला माहीत होतं, तिन्ही शिष्यांना माहीत होतं आणि कोंबड्यांना तर होतंच. फक्त उस्तादांना माहीत नव्हतं.

याला कारण जहागीरदारांच्या मोटारखान्याची शिस्त. त्या मोटारखान्यात कामाची वाटणी पक्की होती. ड्रायव्हरनं बॉनेट उघडायचं नाही. क्लीनरनं दारं, चाकं, काचा पुसायच्या आणि बॉनेटखाली डोकवायचं नाही. आणि मिस्त्रीनं इंजनाच्या मागं हात न्यायचा नाही. दाराला, गादीला तेलकट बोट लागलं तर त्याची मजुरी बंद. उस्ताद मिस्त्री होते. पुढं जहागिरी गेल्या. जहागीरदार हैदराबादेला निघाले तेव्हा त्यांनी मोटार उस्तादांना देऊन टाकली, कारण तिकडच्या घरात ती मावत नव्हती. ड्रायव्हर गावी गेला, क्लीनर पोलिसात लागला. मोटारखान्याच्या जागी सरकारी गोदाम झालं. वाटणी तेवढी शिल्लक राहिली. मोटार स्वतःची झाल्यावरही उस्तादांनी तिच्या दाराला बोट लावलं नाही. ते सकाळी भिंत चाचपत येत, स्टुलावर बसत, इंजनावर हात ठेवत. मागं काय आहे हे बघणं त्यांचं काम नव्हतं.

त्यांचे डोळे बिघडले आणि ते पट्टी बांधून सोलापूरच्या दवाखान्यात पडून राहिले, तेव्हा सकिनाबीनं मोटार विकायला काढली होती. एकदम घेणारं कुणी मिळालं नाही. मग दोन दारं खाटकाच्या दुकानाला आडोसा म्हणून गेली. मागची गादी न्हाव्याकडे गेली आणि तिच्यावर बसून निम्म्या गावानं दाढ्या केल्या. छपराचा पत्रा एका हॉटेलच्या चुलीवर चढला. आस आणि चारही चाकं गुंडप्पानं टायरगाडीसाठी नेली. मोटार विकली असं म्हणणं बरोबर नव्हतं. ती सगळी गावातच होती. फक्त एका जागी नव्हती. इंजनाला हात लावायचा सकिनाबीचा धीर झाला नाही, एवढंच.

त्या दुपारी प्रवास संपवून अंबादासनं डोळे उघडले, तेव्हा उस्ताद इंजनाला उजवा कान लावून बसले होते. मग त्यांनी डावा लावला. परत उजवा.

"हा कान बी चालला," ते म्हणाले. "उजव्या अंगानं पयलं धुकं यायचं. आता भित आल्यागत झालंया."

मुनवरनं पाना पुसायला घेतला.

"म्हून म्हंतो, उशीर नको. जुम्म्याची नमाज झाली की गाडी बाहेर काढू. हातलाईच्या डोंगराच्या चढावर न्यायची."

मुनवरच्या हातातला पाना खाली पडला.

"उस्ताद," अंबादास म्हणाला, "इथं चांगलं चाललंय की. आवाज एकदम गुळगुळीत आहे."

"बी.ए., तुमी शिकल्यालं मानूस," उस्ताद म्हणाले. ते त्याला नावानं हाक मारत नसत. एवढी मेहनत करून मिळवलेली पदवी कुणीतरी वापरायला हवी, असं त्यांना वाटे. "उभ्या इंजनाला ट्यून करनं म्हंजे झोपलेल्या मानसाचा सोभाव वळखनं. झोपेत समदेच गरीब. वज्जं पडल्याबिगर न्हाई कळत. चढ लागला की इंजन जड होतंया, आवाज नरड्यातनं न्हाई, पोटातनं येतो. तवा भात्याचं खरं काम सुरू होतं. तो आवाज म्या जहागीरदारांच्या वक्ताला ऐकलेला. कान हाय तवर यकदा ऐकू द्या. मग ह्यो बी बंद झाला तर झाला."

गोणपाटाचा पडदा हलला. मागं सकिनाबी उभी होती. तिच्या हातात अंडं होतं आणि ते तिनं इतकं घट्ट धरलं होतं की अंबादासला अंड्याचीच काळजी वाटली.

उस्ताद भिंत चाचपत घरात गेल्यावर ती पुढं आली.

"आता काय करायचं रं मुनवर?"

"खाला, सांगून टाकू," मुनवर म्हणाला. "कवातरी कळनारच."

"सांगून टाकू म्हनं." तिनं अंडं ओच्यात ठेवलं. "डोळं गेलं तवा त्ये मला काय म्हनलं ठावं हाय का? म्हनलं, सकिना, मोटार हाय न्हवं, मग झालं. रोज सकाळी उठून मानूस कशाला तरी उठतो. त्ये ह्या मोटारीला उठत्यात. मोटार न्हाई म्हनून कळलं तर उद्यापास्नं त्यांनी उठायचं कशाला? माझ्यासाठी?" ती स्वतःच हसली. "मला त्यांनी कधी ट्यून केलं न्हाई बाबा."

अंबादासनं डिग्रीला शोभेल असं काहीतरी सुचवावं म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला एवढंच सुचलं की पाऊस आला तर बरं होईल. मार्गशीर्ष चालू होता.

"चाची," गुंडप्पा इतका वेळ बैलांकडे बघत होता. "चाकं तर हायेतच की."

"कुठं?"

"माझ्या गाडीला. त्येचीच हायेत न्हवं का. आस बी त्योच. वर इंजन ठिवलं तर मोटारच की वो ती. फकस्त पुढं बैल."

एखाद्या कल्पनेत इतका उघड दोष असला की तो काढायला कुणी धजत नाही. मुनवर म्हणाला, "बैलांच्या घुंगुरमाळा काढाव्या लागतील," आणि तिथंच निर्णय झाला.

जुम्म्याला उस्ताद मशिदीत गेले आणि गल्ली कामाला लागली. सहकार हा शब्द तेव्हा नवीन होता; त्यावर तालुक्यात भाषणं फार आणि काम कमी होत असे. त्या दुपारी मात्र तो प्रत्यक्षात उतरला. बांबू आले, दोर आले, खाटीक आला, न्हावी आला. न्हाव्यानं गादी परत द्यायची तयारी दाखवली, पण तिच्यावर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलेलं होतं. आठ-दहा माणसांनी इंजन चौकटीसकट उचलून टायरगाडीवर ठेवलं, दोरांनी आवळलं. धुराची नळी मागं वळवली. उस्तादांचं स्टूल इंजनाशेजारी खिळ्यांनी ठोकलं. मागं कडब्यानं भरलेलं एक पोतं ठेवलं.

उस्ताद नमाज पढून आले. अत्तराचा वास येत होता. त्यांनी हात पुढं केला आणि मुनवरनं त्यांना धरून वर चढवलं.

"गाडी उंच झाली?"

"स्प्रिंगा नव्या हायेत, उस्ताद."

"आसं." ते स्टुलावर बसले, इंजनावर हात फिरवला. तार, कळ, भाता, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी नाक वर केलं. "शेनाचा वास येतुया."

"बाजार झाला न्हवं परवा," गुंडप्पा बैलाच्या कानाशी उभा राहून म्हणाला. "रस्ता घान करून ठिवलाय लोकांनी."

"आसं." त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "सकिना कुठाय?"

"ही काय, हितंच," ती दारातून म्हणाली.

"चल की."

"म्या कशाला?"

"कशाला म्हंजे? मागली शीट रिकामी हाय न्हवं?"

सकिनाबीनं मुनवरकडे पाहिलं. मुनवर आकाशाकडे पाहू लागला. ती त्या मोटारीत कधीच बसली नव्हती. जहागीरदारांच्या काळात नोकरांच्या बायकांना मोटार पुसायलाही परवानगी नव्हती, आणि मोटार घरची झाली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसू लागल्या. तिनं आत जाऊन लग्नातली ओढणी घेतली, डोक्यावर नीट केली आणि गुंडप्पाच्या खांद्याचा आधार घेऊन कडब्याच्या पोत्यावर बसली. बसल्यावर कडबा करकरला. ती तशीच अवघडून, कुणी आपल्याला उठवील अशा धास्तीनं बसून राहिली.

मुनवरनं हँडल मारलं. इंजन सुरू झालं. गाडी निघाली.

गावानं एवढी अदब कलेक्टरच्या गाडीलाही कधी दाखवली नसेल. हॉटेलातला रेडिओ बंद झाला. पोरांना दारात धरून ठेवलं गेलं. चौकातला पोलीस, जो पूर्वी क्लीनर होता, ताठ उभा राहिला आणि त्यानं हात करून दोन सायकली अडवल्या. सगळी माणसं ओट्यांवर उभी राहून, एक शब्द न बोलता, बैलांनी ओढलेलं इंजन पाहत होती आणि इंजन मात्र कुणाचीच मदत नसल्यासारखं गुणगुणत होतं. गुंडप्पानं जन्मात पहिल्यांदा बैल न ओरडता हाकले. तो त्यांच्या पाठीवर नुसती बोटं टेकवत होता.

"सावकास चाललीय," उस्ताद म्हणाले.

"गर्दी हाय," मुनवर म्हणाला.

"गर्दीचा आवाज न्हाई येत."

"समदे तुमच्याकडंच बगाय लागल्यात, उस्ताद."

हे खरं असल्यामुळे त्याच्या आवाजात खोट आली नाही.

गाव मागं पडलं. ऊन तिरपं झालं होतं. काढून नेलेल्या भुईमुगाच्या रानातून उन्हाचा आणि मातीचा वास येत होता, आणि इंजनाच्या एकसुरी आवाजात दोन्ही बाजूंची शेतं वाहत गेल्यासारखी वाटत होती. गाडीमागून चालणाऱ्या अंबादासचे डोळे सवयीनं मिटायला लागले. क्षणभर त्याला वाटलं, आपण शेडमध्येच भिंतीला टेकून बसलो आहोत आणि हे सगळं नेहमीचंच चाललं आहे. मग पायाखाली खडी लागली.

हातलाईचा चढ सुरू झाला.

बैलांनी माना खाली घातल्या. त्यांच्या फऱ्यांवरचे स्नायू वर आले. गुंडप्पानं खांदा चाकाला लावला, मुनवरही गेला. गाडी तिरकी होऊन चढू लागली. आणि इंजन गुणगुणत राहिलं. जसं शेडमध्ये, जसं गल्लीत, जसं सपाट रस्त्यावर, तसंच. मऊ, मोकळं, जेवून झालेलं.

अंबादास जागा झाला. एरवी त्याला हे कळलंही नसतं. पण इतकं ऐकल्यावर आता कळत होतं. चढावर इंजन जड व्हायला हवं होतं. आवाज पोटातून यायला हवा होता. या इंजनावर कसलंच ओझं नव्हतं. ओझं बैलांवर होतं, आणि बैल आवाज करत नव्हते. कुणालाच हे सुचलं नव्हतं. घुंगुरमाळा काढायचं सुचलं होतं, आणि हे नाही.

त्यानं उस्तादांकडे पाहिलं. ते मान तिरकी करून, डावा कान इंजनाकडे लावून बसले होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पाहुणा दारात येऊन उभा राहावा आणि आत येऊ नये, तेव्हा माणूस जसा ऐकतो तसे ते ऐकत होते.

"बी.ए.," ते हळूच म्हणाले. "चढ लागला काय?"

अंबादासनं बैलांच्या खाली गेलेल्या मानांकडे पाहिलं.

"लागला, उस्ताद."

"हूं."

मागून सकिनाबीचा आवाज आला, अगदी बारीक. "आवो, समदं ठीक हाय न्हवं? मोटार चढती न्हवं?"

उस्तादांनी मान तिच्याकडे वळवली. तिचा चेहरा त्यांना दिसणार नव्हता. पण तो पाहिल्याइतका वेळ त्यांनी मान तिकडे ठेवली. मग ते परत इंजनाकडे वळले. त्यांचा डावा हात पेट्रोलच्या तारेवर गेला आणि उजवा हात ठिणगीच्या कळीवर.

ठिणगी वेळेवर पडली की इंजन मोकळं पळतं. ती मुद्दाम उशिरा पाडली आणि पेट्रोल वाढवत नेलं, तर ते पळतं तेवढंच, पण कण्हतं. असं कधी करू नये, हे ते नवशिक्यांना निक्षून सांगत. त्यांनी कळ मागं घेतली, हळूच, एखाद्याचं पांघरूण सरकवावं तशी, आणि तार ओढली.

इंजन जड झालं.

आवाज खाली उतरला, पोटात गेला, तिथून घुमत वर आला. भाता हवा कोंबू लागला. दोर ताणले, फळ्या थरथरल्या, धुराच्या नळीतून दमदार हुंकार निघाले. चाकाला खांदा लावलेल्या मुनवरनं दचकून वर पाहिलं. बैलसुद्धा आपल्या मदतीला कुणीतरी आल्यासारखे नेटानं चालू लागले.

"या अल्ला," सकिनाबीनं गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "लई चढ हाय व्हय वो?"

"हाय तर," उस्ताद म्हणाले. "पर गाडी चढती. घाबरू नगंस."

"म्या कुठं घाबरले!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका उंच आणि कोवळा निघाला की अंबादासनं नजर दुसरीकडे वळवली.

चढ संपेपर्यंत उस्तादांनी कळीवरचा हात काढला नाही. वळण आलं की ते अंबादासला विचारत, "वळान?" तो "वळण" म्हणे आणि ते आवाज किंचित हलका करत. वळणानंतर परत जड. माथ्यावर आल्यावर त्यांनी कळ पुढं सारली. इंजन मोकळं झालं आणि चौघांनीही नकळत श्वास सोडला.

वर वारा होता. खाली धाराशिव धुरकट उन्हात पडलेलं होतं.

"कसं दिसतंय?" उस्तादांनी विचारलं.

सकिनाबीनं बराच वेळ पाहिलं. "लई ल्हान," ती म्हणाली. "आपलं घर तर दिसतच न्हाई."

"हाय का पर?"

"हाय की. असंलच तिथं."

"मग झालं."

परतीचा उतार सुरू झाला, आणि थोडं खाली आल्यावर इंजन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. मुनवरनं डब्यात पाहिलं. पेट्रोल संपलं होतं. गाडी चालतच राहिली. दुपारपासून इंजनाच्या आवाजाखाली लपलेलं सगळं आता एकाएकी ऐकू येऊ लागलं. आठ खुरांची खडीवरची टपटप. जुवाची करकर. उतारावर गाडी रेटून धरणाऱ्या बैलांचे फुसफुसते श्वास. त्यातला एक बैल शिंकला. भलती मोठी शिंक होती.

गुंडप्पानं बैलाच्या नाकावर हात ठेवला होता, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

"उताराला इंजन बंदच ठिवायचं," उस्ताद शांतपणे म्हणाले. "नव्या मानसानं ध्येनात ठिवावं. पेट्रोल वाचतं."

मागं कडबा करकरला. सकिनाबी पुढं सरकली होती. तिनं त्यांच्या पाठीला हात लावला.

"आवो, मला तुमास्नी यक सांगायचं हाय. लई दिवस झालं. त्ये मोटारीचं..."

"घरी गेल्यावर सांग," ते म्हणाले. "आत्ता रस्ता सांग. मला दिसत न्हाई, आन् हे तिघं कामात हायेत."

सकिनाबीचा हात त्यांच्या पाठीवरच राहिला. तिनं दुसऱ्या हातानं ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. खुरांची टपटप चालली होती.

"डाव्या अंगाला बाभळ हाय," ती म्हणाली.

"हूं."

"बाभळीवर कुनाचं तरी धोतर वाळत घातलंय."

"मग?"

"मग वळान हाय. ल्हान. वळनाम्होरं तळं दिसतंया. तळ्यात ढोरं उतरल्यात." तिचा आवाज आता मोठा होऊ लागला होता, खुरांच्या वरचा. "अल्याड एक बाई चाललीय भारा घेऊन, आपल्याकडं बगतीया. बगू दे. लई दिमाखात बसलीय म्हनंल म्या. आता रस्ता सरळ हाय. सरळ... आवो, शेरडं हायेत म्होरं. रस्त्यातच बसल्यात बया."

"मुनवर," उस्ताद म्हणाले, "हॉर्न दे."

हॉर्न कुठं गेला होता, हे सकिनाबीलाही आठवेना. मुनवरनं एकदा अंबादासकडे पाहिलं. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले, छाती भरून घेतली आणि जहागीरदारांच्या मोटारीला शोभेल असा लांब, भारदस्त हॉर्न दिला.

शेरडं उठली, अंग झाडलं आणि रस्ता सोडून बाजूला झाली.